हिरवा दिवा

दसऱ्याच्या सुट्टीनंतर रोह्याच्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षा होती आणि लॅबमध्ये नेटच नव्हतं. नेटच्या स्विचमध्ये मुख्य केबल नीट बसेना, हिरवा दिवा लागेना. सुश्रुत सरांनी केबल बदलून पाहिली, पेणच्या सर्व्हिसवाल्यावर फोनवर खेकसून झालं, शर्ट घामाने पाठीला चिकटला.

"सर, आमची परीक्षा हुकणार नाय ना?" निडीहून आलेल्या वैशालीने पुन्हा विचारलं.

"गप बस गो जरा," म्हणत सरांनी मोबाइलच्या उजेडात स्विचमधल्या केबलच्या खाचेत डोकावून पाहिलं. आत कुंकू माखलेला तांदळाचा दाणा अडकला होता.



खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा करताना सरांनी केबल काढून पुसलेल्या या स्विचवर मूठभर अक्षता जास्तच वाहिल्या होत्या, यंदा तरी ऐन परीक्षेत नेट जाऊ नये म्हणून.