गुडघ्यांना कुलूप

‘‘गुडघे माझे, त्यांना कुलूप घालणारे तुम्ही कोण?’’ भर मिरवणुकीत, लेझमाच्या बैठकीत अडकलेल्या साठीच्या वेणूताई गुडघ्यांवरच्या सरकारी पट्ट्यांवर ओरडल्या.

पट्टे बोलले, ‘‘आज व्यायामाचा पहिला दिवस. इजा टाळण्यासाठी पाचच बैठका. त्या झाल्या, म्हणून कुलूप.’’

‘‘पहिला? दोन महिने रोज थोडं थोडं वाढवत सराव केलाय!’’

‘‘आमच्याकडे नोंद नाही.’’

‘‘कशी असेल? तुम्हाला आजच्यासाठी पैठणीच्या घडीत जपून ठेवलं होतं. नवी वस्तू रोज कोण वापरतं?’’

मागच्या बायका खो खो हसल्या. ‘‘वेणूताई उठेपर्यंत आम्हीही उठणार नाही,’’ म्हणत अख्खी रांग खाली बसली. लोकांना वाटलं, नवा डाव आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

वेणूताईंनी पट्ट्यांना दरडावलं, ‘‘इजा टाळताय ना? मग या पंचवीसजणींचे पाय आखडले तर जबाबदार कोण? बोला!’’