लेक्कोचा शुक्रवार

जाताना बॅगेत दोन स्वेटर, एक मफलर, आंब्याच्या लोणच्याची बरणी. बरणी फडक्यात, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत.

'गावामागचा डोंगर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. शुक्रवारी सकाळी सहाला निघालो, तीन तास चढलो.'

त्याआधी, जानेवारी २००२. तीस माणसांची दावत. बिर्याणीचे दोन डेग.

'उतारावर सायकलचा पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही.'

"डिड ही फॉल?"

मुलगी इकरानं मध्येच विचारलं. ती नऊ वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत.

"नाही गं, पडतील कशाला," हजरा म्हणाली आणि इकराच्या अब्बांच्या, उस्मानच्या, ईमेलचा कागद तिनं पुढं वाचायला घेतला.

हजरा आणि उस्मान, दोघं नवराबायको एकाच कंपनीत होते. ती दोह्याच्या ऑफिसात टायपिस्ट, तो तासाभरावरच्या दुखानला तेलाच्या विहिरींवर पंप फिटर, राहायलाही तिथल्याच क्वार्टर्समध्ये. कंपनीनं इटलीत सहा महिन्यांच्या ट्रेनिंगची यादी लावली, तिच्यात उस्मानचं नाव होतं. त्याच आठवड्यात त्यानं ओळखीच्या सगळ्या रत्नागिरीकरांना जेवू घातलं. मार्चच्या दहा तारखेला तो निघाला. विमानतळावर येऊ नकोस म्हणाला. कंपनीची बस दुखानहून परस्पर नेणार होती.

दर शनिवारी ऑफिसात त्याचा मेल यायचा. लेक्को नावाचं गाव, तळं, सुट्टीच्या दिवशी डोंगर नाहीतर सायकल. हजरा कागद छापून दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या आपल्या दोन खोल्यांत आणायची आणि इकराला वाचून दाखवायची.

इकराला सगळं जाणून घ्यायचं असायचं. तिकडच्या गाईंच्या गळ्यातल्या घंटा केवढ्या? चढताना पाणी कुठं मिळतं? सायकलची चेन पडली तर हात कशानं पुसता? हजरा ते मेलमध्ये लिहून विचारायची. उत्तर यायला कधी चार दिवस लागायचे, पण यायचं.

मे महिन्यात एका गुरुवारी हजराचा मोठा भाऊ इरशाद आला. सूक वाकिफच्या बाजारात तो मसाल्याच्या दुकानात होता. येताना शर्टाला दालचिनीचा वास घेऊन यायचा. चहा होईपर्यंत त्यानं टेबलावरचे कागद चाळले.

"शुक्रवारी?" तो म्हणाला.

"काय शुक्रवारी?"

"इटलीत शुक्रवारची सुट्टी कोण देतो गे? तिथं शनिवार-रविवार. इथं बघ, सगळ्या कागदांवर शुक्रवार. शुक्रवारी डोंगर, शुक्रवारी सायकल."

"जुम्यासाठी सोडत असतील."

"कारखाना काय तुझ्या सासऱ्याचा आहे?"

हजरानं चहा गाळला.

"आणि सायकल!" इरशाद म्हणाला. "गावी माझ्यामागं डबलसीट बसायला घाबरायचा तो. दोन्ही हातांनी माझा सदरा धरायचा."

"शिकले असतील."

"तुझ्याच ऑफिसात विचार ना."

"नवरा कुठं आहे म्हणून ऑफिसात विचारू? हसतील लोक."

इरशादनं आतल्या खोलीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तो इथंच कुठंतरी आहे, हजरा. नोकरी गेली असेल, नाहीतर दुसरी बाई असेल. लग्नाच्या वेळीच मी नको म्हणत होतो. पुढच्या शुक्रवारी मी दुखानला जातो. खोटं निघालं, तर तुला आणि पोरीला थेट रत्नागिरीला घेऊन जाईन. सगळ्यांसमोर सांगेन त्याची इटली."

"मीपण येते," हजरा म्हणाली. "गेटवर माझं कंपनीचं कार्ड लागेल."

शनिवारी तिनं उस्मानला मेल लिहिला.

'इकरा विचारते, डोंगरावर अस्वल असतं का. मला सांगा, रविवारी चर्चच्या घंटा वाजतात तेव्हा तुम्ही वर असता की खाली? तिकडं सगळ्या गावाला शनिवार-रविवार सुट्टी असते म्हणे, मग रस्त्यावर सायकलींची गर्दी होत असेल. बाकी ठीक. इरशादभाई येत्या शुक्रवारी नमाजनंतर दुखानला तुमच्या खोलीवर जाणार आहे. कोणाला काही निरोप असेल तर कळवा.'

पाठवण्याआधी तिनं तो दोनदा वाचला.

शुक्रवारी नमाजनंतर दोघं इरशादच्या गाडीतून निघाले. हजरा खिडकीबाहेर बघत होती. सपाट वाळू. चढ असा कुठंच नव्हता.

दुखानच्या क्वार्टर्सपाशी उस्मानचा खोलीतला सोबती सदानंद बाहेर आला.

"वहिनी, तुम्ही? उस्मानभाई तर इटलीला ना?"

"मी खोली बघतो," इरशाद म्हणाला.

हजरा गाडीतच बसून राहिली. पाच मिनिटं गेली. तिनं एसी वाढवला, मग कमी केला.

इरशाद परत आला तेव्हा कपाळावरचा घाम पुसत होता. "खाटेवर गादी गुंडाळून बांधलेली आहे. कपाट रिकामं. बाथरूममध्ये एकच टूथब्रश." त्यानं गाडी सुरू केली. गेटबाहेर पडल्यावर म्हणाला, "खलास. माझंच डोकं फिरलं होतं. त्याला सांगू नकोस."

"नाही सांगत."

पुढच्या शनिवारचा मेल लांबलचक होता. इरशाद मुद्दाम ऐकायला आला.

'शनिवारी चढलो, रविवारी सायकल. शुक्रवार लिहायची हाताला दोह्याची सवय, इतके दिवस तेच चुकीचं लिहीत होतो. घंटा खाली गावात वाजतात, वर हळू ऐकू येतात. अस्वल नाही, पण रानबकऱ्या आहेत.'

"बघ, सवय!" इरशाद मांडीवर थाप मारून हसला. "मीपण एवढा अक्कलवाला, हे सुचलं नाही. उतारावर जपून चालव म्हणावं त्याला."

"व्हेन इज ही कमिंग?" इकरानं विचारलं.

"सप्टेंबरात," हजरा म्हणाली.

उस्मानचं नाव इटलीच्या यादीतून काढल्याचं पत्र चार मार्चला निघालं होतं, आणि ते हजरानं टाइप केलं होतं.