दुकानाचा इतिहास

"बरण्या कधी एवढ्या लखलखीत असायच्या का गं? औषधांचं दुकान आहे की आरशांचं?" भाऊ कानाशी पुटपुटला.

ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वडिलांचं जुनं दुकान पाडू नये म्हणून तिने सात वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. आज ते लोकांना बघायला खुलं झालं होतं. खल, तराजू, कप्प्यांवरची बाबांची अक्षरं, सगळं जिथल्या तिथे होतं. भाऊ मात्र गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या अलीकडेच उभा होता.

"आत ये ना रे."

"नको. बाबांनी बाहेर काढलंय मला." तो हसला. "चाळीस वर्षं झाली, पण हुकूम कुठे कुणी मागे घेतलाय?"

तेव्हा चोळायच्या औषधाच्या एका बाटलीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल लागलं होतं. पिणारा मरता मरता वाचला. बाटल्या भरायचं काम भावाचं, म्हणून चूकही त्याचीच ठरली, आणि दुकान त्याला कायमचं बंद झालं. जन्मभर त्याने परगावी कुणाकुणाची गोदामं सांभाळली. घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

भिंतीवर दुकानाचा इतिहास लावला होता. ताईनेच लिहिलेला. भावाने चष्मा चढवून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"माझी चूक लिहिली नाहीस, ताई. तेवढे उपकार केलेस बघ."

ताईने काउंटरची कड घट्ट धरली.

"तुझी नव्हतीच रे ती. बाटल्या तू बरोबर भरल्या होत्यास. लेबलं मी चिकटवली होती."