वाटणीचा पाय

सरकारी योजनेतून दोघींत मिळून एकच यांत्रिक पाय मिळाला होता. अर्धा आठवडा गोदूबाईचा, अर्धा कुलसुमबीचा. पाय चालणारीच्या वाटा लक्षात ठेवायचा. दवाखान्यात कुलसुमबीनं जमा केलेला पाय बांधून निघालं की मेला कुलसुमबीच्याच वाटेला लागायचा, आणि गोदूबाई शिव्या घालत त्याला आपल्या घराकडे ओढायची. कुलसुमबीला तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

आज दवाखान्याच्या खिडकीतली बाई म्हणाली, “मावशी, आता परत आणू नका. पाय पूर्ण तुमचाच.”

“झाला व्हय मंजूर? किती वर्षं हेलपाटे घातले!”

“मंजूर कसला? कुलसुमबी वारल्या.”

गोदूबाईनं पट्टे आवळले. दाराबाहेर पाय नेहमीसारखा कुलसुमबीच्या वाटेला वळला. आज तिनं ओढला नाही.

“चल बाबा,” ती म्हणाली. “तिचं घर तुलाच ठाऊक.”