उन्हाची मोजणी

तात्सुकोबाईंचे पर्सिमन यंदा वाळायचं नाव घेत नव्हते. सोलून, देठाला दोरी बांधून ओसरीच्या वळचणीला टांगलेली ती नारिंगी फळं डिसेंबर उजाडला तरी ओलीच होती, आणि दोन-चारांना तर बुरशीची मिशी फुटली होती. दोष सगळा समोरच्या सहामजली इमारतीचा होता. इमारत अजून कागदावरच होती, ही गोष्ट वेगळी.

आज निकाल लागायचा होता. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी ओसरीवर नियमापुरतं ऊन उरत असेल तर बाईंनी गप्प बसायचं, उरत नसेल तर इमारत बांधणाऱ्या कंपनीनं आराखडा बदलायचा, असं ठरलं होतं. ऊन मोजायला हान्यू नावाची तरुणी आली होती. कंपनीतर्फे आलेला सेगावा आल्यापासून दर वाक्याला कमरेत वाकत होता.

हान्यूनं फळांच्या उंचीला तीन पायांचं तिकाटणं लावलं आणि त्यावर कॅमेरा आकाशाकडं तोंड करून बसवला. त्याचं भिंग चांगलंच फुगीर होतं.

"याला माशाचा डोळा म्हणतात," ती म्हणाली. "एका फोटोत सगळं आकाश येतं."

"मासा आकाशाकडं असा टक लावून बघतो तो बाजारात, बर्फावर," बाई म्हणाल्या. "आणि हे सगळं वाकडं दाखवतं म्हणे. त्याची साक्ष सरळ कशी धरायची?"

"वाकडं आहे, पण किती वाकडं ते मला ठाऊक आहे. काल दिवसभर त्याच्यापुढं काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा तक्ता नाचवून एकेक वाक मोजलाय. शिवाय आत्ताचा सूर्य फोटोत कुठं दिसायला हवा, तेही गणितानं काढून ठेवलंय. तिथंच दिसला, तर भिंग खरं. आता खाली बसा. उभा राहील तो फोटोत येईल."

तिघंही तिकाटण्याखाली उकिडवी बसली. बाईंचा गुडघा सेगावाच्या गुडघ्याला लागला. दोघांनीही तो मागं घेऊन पाहिला, पण जागा नव्हती.

"बाई, तुमच्या फलकावरचं 'ऊन' फार देखणं आलंय," सेगावा हळूच म्हणाला. "आमच्या ऑफिसातून रोज दिसतं."

"दिसायलाच हवं. त्यासाठीच एवढं कापड घेतलं."

बाईंची हयात शाळेत कुंचल्यानं अक्षरं काढायला शिकवण्यात गेली होती. कुंपणाजवळ दोन उंच बांबूंना ताणून बांधलेल्या त्या पांढऱ्या कापडावर त्यांनी लिहिलं होतं : 'आमचं ऊन अडवाल तर खबरदार!' अक्षरं अर्थातच कंपनीच्या दिशेला होती. बाईंच्या वाट्याला पाठ यायची.

कॅमेरा वाजला. हान्यू पडद्यावरचा गोल फोटो बघत राहिली.

"एक तर सेगावांच्या केसांचा तुरा आलाय. आणि दुसरं..." ती थांबली. "सूर्य सापडत नाहीये."

"भरदुपारी? ढग औषधालाही नाही. मी सांगत नव्हते, भिंगच खोटं!"

सूर्य जिथं असायला हवा होता तिथं हान्यूनं बोट ठेवलं. बोटाखाली पांढरं कापड होतं, आणि त्यावर मागून दिसणारं, उलटं पण देखणं 'ऊन'.

सेगावानं स्वतःच्या बुटांकडं असं पाहिलं, जणू ते आजच घेतले होते. हसायची एवढी चांगली संधी त्याच्या कंपनीला पुन्हा मिळणार नव्हती.

"शिडी मागच्या अंगणात आहे," अखेर बाई म्हणाल्या.

सेगावा शिडीवर चढला आणि स्वतःच्या कंपनीला दिलेली ती तंबी त्यानं गाठी सोडून खाली घेतली. अक्षरांना चूण पडू नये म्हणून सैल गुंडाळी करून दोन्ही हातांनी बाईंना दिली. ओसरीवर ऊन आलं. फळं आतून दिवा लावल्यासारखी दिसू लागली.

"परत बसा," हान्यू म्हणाली.

परत गुडघ्याला गुडघा लागला. या वेळी कुणी मागं घेतला नाही.

"तुमचा तुरा!" म्हणत बाईंनी सेगावाचं डोकं हातानं खाली दाबलं. कॅमेरा वाजला.

सूर्य आता नेमका गणितानं काढलेल्या रेघेवर होता, दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखा. भिंग खरं ठरलं. हान्यूनं त्या फोटोवर सगळ्यात लहान दिवसाची सूर्याची वाट आखली आणि होणारी इमारत बसवली.

"नियमापुरतं उरतं," ती म्हणाली. "सकाळचं."

म्हणजे कंपनी जिंकली होती. सेगावा वाकायचंही विसरला.

"आणि दुपारचं?" बाईंनी विचारलं. "फळं दुपारच्या उन्हात वाळतात."

"दुपारचं ही टोपी खाते." इमारतीच्या डोक्यावर एक चौकोन होता, बरोबर सूर्याच्या वाटेत.

"लिफ्टच्या यंत्राची खोली," सेगावा म्हणाला. तो फोटोवर वाकला. मग डोकं वर करून त्यानं फळांची ओळ पाहिली. "लिफ्टच पलीकडं, दक्षिणेला नेली तर..."

"तर?"

"तर साहेब ओरडतील."

"आणि?"

"आणि फळं वाळतील." त्यानं फोन काढला. "ओरडू देत. नाहीतरी सोमवारी ओरडतातच."

तो अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन साहेबांशी बोलू लागला. हवेत वाकत होता, पण फोन ठेवत नव्हता. बाई गुंडाळी मांडीवर घेऊन बघत बसल्या.

"बाई," हान्यू फोटो मोठा करून म्हणाली, "इथं कडेला तुमचा हात आलाय. यांच्या डोक्यावरचा. पुन्हा काढू का?"

बाईंनी चष्मा सारखा केला, त्या गोल आकाशाच्या काठावरचा आपला हात नीट निरखला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तेवढ्यानं काही ऊन अडत नाही."