भाड्याचं कपाट

"हयातभर लोकांना कपाटं करून दिली, आणि माझे फोटो भाड्याच्या कपाटात का ठेवू? जागा भरली, आता पैसे भरा म्हणे!" सुतारकाकांनी नवी हार्ड डिस्क मोबाइल दुरुस्तीवालीच्या काउंटरवर ठेवली. "सगळं यात भर आणि ते क्लाऊडचं खातं बंद करून टाक."

तिने खातं उघडलं. "काका, जागा तुमच्या फोटोंनी भरलेलीच नाही. दुसऱ्याच कुठल्या तरी फोनमधले फोटो रोज इथे येऊन पडतायत."

काका चक्रावले. स्क्रीनवर परकं स्वयंपाकघर, कुणाच्या तरी घराची गॅलरी, पट्टी बांधलेला अंगठा. "चोर घुसलाय की काय?"

"चोर घेऊन जातो काका, आणून ठेवत नाही. खातं कुणी उघडून दिलं होतं?"

"मुलाने, त्याच्याच फोनवर. भांडून गेला, त्याला चार वर्षं झाली." एवढं बोलूनही काकांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तिने पुढचा फोटो उघडला. लाकडी पाळणा. काकांनी चष्मा सारखा केला. सांध्याला खिळा नव्हता, लाकडाचीच खुंटी होती, आणि तीही जराशी तिरकी. ती सरळ ठोकायला शिकवता शिकवता काकांचा अर्धा जन्म गेला होता. पाळण्यात एक तान्हं बाळ मूठ चोखत होतं.

"खातं बंद केलं की हे यायचं थांबेल," ती म्हणाली. "करू ना बंद?"

काकांनी हार्ड डिस्क उचलून पिशवीत टाकली.

"पोरी, भाडं वर्षाचं एकदम भरता येतं का गं?"