पहिल्या रोलमधली आई

हेमाताईंनी गॅलरीच्या उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. आत फोटो नव्हताच, नुसती राखाडी पट्टी. त्या ती निरखत होत्या, तेवढ्यात दारातून लेक किंचाळली, "आई, बंद कर ते!"

झाकण बंद झालं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं, रोलला ऊन लागलं होतं.

तनयाचा हा पहिलाच रोल. छत्तीस फोटोंचा, त्यातले तीस काढून झालेले. सगळ्यात पहिला आईचा, वाटाणे सोलताना, तिच्या नकळत टिपलेला आणि नंतर तिला चिडवत सांगितलेला. मोबाइलवर हे कधी जमलंच नव्हतं. हेमाताई मोबाइल हिसकावून घ्यायच्या आणि "काळीकुट्ट आलेय" म्हणत फोटो उडवून टाकायच्या. घरात आईचा एक धड फोटो नसावा म्हणजे काय! म्हणून तर तनयाने हट्टाने रोलचा कॅमेरा घेतला होता. त्यात उडवायची सोयच नाही.

"मला वाटलं, माझा तेवढा काढून टाकावा," हेमाताई पडेल आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यांना हातही लावणार नव्हते गं."

तनयाला रडू आणि हसू एकदमच आलं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. तिने रोल गुंडाळून बाहेर काढला, आईला स्कूटरवर मागे बसवलं आणि कर्वेनगरहून थेट सदाशिव पेठेत बाबुरावांचा स्टुडिओ गाठला.

"उजेड दाखवलात?" बाबुरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग हळदकुंकूही वाहायचं होतं."

"काका, पहिले फोटो सगळ्यात आत गुंडाळलेले होते," तनया म्हणाली. "तिथवर उजेड पोचत नाही. आईचा वाचलाय. तुम्ही धुवा तर खरं."

"धुतो. शिकवायचं राहिलं असेल काही, तर तेही सांग," म्हणत ते आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले.

तासाभराने ओली पट्टी घेऊन बाहेर आले. पट्टीचा बराचसा भाग काळाठिक्कर पडला होता, पण एका टोकाचे आठ-दहा चौकोन स्वच्छ होते. त्यांनी ते टोक दिव्यासमोर धरलं. पहिल्याच चौकोनात हेमाताई. निगेटिव्हच ती, सगळं उलटं. केस पांढरेशुभ्र, फिकी साडी काळी आणि चेहरा गोरापान.

"बघ आई," तनया म्हणाली. "जन्मभर हेच हवं होतं ना तुला? असाच छापून घेऊ का?"

हेमाताई पुढे झाल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मान त्यांचीच होती, वाटाण्यांवरचे हातही त्यांचेच होते.

"इश्श! ही कुठली पांढरी पाल?" त्या बाबुरावांकडे वळल्या. "अहो, हिला आधी काळी करा!"